यादी पुण्याची, घड्याळ कोल्हापूरचं

पत्र असं आलंय (लांब होतं, मी जरा छाटलंय):

"काका नमस्कार. माझं माहेर कोल्हापूर, मंगळवार पेठ. लग्न होऊन नऊ वर्षं पुण्यात आहे. डिसेंबरात नवऱ्याच्या ऑफिसमधली दोन कुटुंबं आमच्याबरोबर कोल्हापूरला येणारेत, शनिवार-रविवार. एकूण आठ जण, त्यात एक जोडपं शुद्ध शाकाहारी आणि एक सहा वर्षांची मुलगी. त्यांनी रील्स बघून सतरा जागांची यादी पाठवलीये, त्यात मिसळीच तीन ठिकाणच्या आहेत. नवरा म्हणतो एसी असलेलं एखादं स्वच्छ हॉटेल बघ आणि विषय संपव. मला वाटतं त्यांना माझ्या जागा दाखवाव्यात, बाबा मला न्यायचे तिथं, पण बाकडी बघून हे लोक नाक मुरडतील अशी भीती पण वाटते. त्यात आई म्हणते रविवारी घरी जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. आईचं वय चौसष्ट, गुडघे दुखतात. काय करू? – एक माहेरवाशीण, पुणे"

अगं बाई, सतरा! दोन दिवसात सतरा ठिकाणी आपल्या तालमीतला पैलवान पण खाणार नाही.

ती यादी मी दोनदा वाचली. त्यात एकही जागा वाईट नाहीये, गडबड वेगळीच आहे. त्यांनी सगळं दुपारी १ ते रात्री १० या वेळात बसवलंय, म्हणजे पुण्यात शनिवार-रविवार बाहेर खातात तसं, आणि आपल्याकडं खाण्याला जागेच्या आधी वेळ लागते हे तुला सांगायला नको, तू मंगळवार पेठेतली. मिसळ सकाळची, भेळ संध्याकाळची, दूध दिवेलागणीनंतरचं आणि मटण रविवार दुपारचं. संध्याकाळी सहाला मिसळ मिळते का तर मिळते हो, हल्ली सगळंच सगळ्या वेळी मिळतं, पण सकाळी नुकत्याच चढलेल्या पातेल्यातला कट आणि दिवसभर आटत बसलेला कट यात फरक असतो आणि तो पहिल्या घासाला कळतो. म्हणून पहिलं काम, यादीतल्या जागांपुढं वेळ लिही. वेळ लिहिली की अर्ध्या जागा आपोआप गळतात आणि तुला कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही.

दुसरं, शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं कॅन्सल कर. साधारण २३० किलोमीटर आहे, वाटेत चहाला थांबणार, पोरीला शू लागणार, हायवेचं काम कुठं ना कुठं चालू असणारच, पोचेपर्यंत अकरा वाजतात, आणि अकरा वाजता भुकेल्या आठ माणसांना घेऊन मिसळीच्या रांगेत उभं राहणं म्हणजे मैत्री तुटायचं काम आहे. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघा, रात्री येऊन झोपा. शनिवारी सकाळी साडेसातला मिसळ.

आता कुठली. फडतरे, बावडा आणि चोरगे अशी तिन्ही नावं यादीत आहेत. यातली एकच करायची. कुठली ते मी सांगितलं तर उरलेल्या दोघांचे भक्त मला रस्त्यात गाठतील, पण विचारलंयस म्हणून सांगतो. आठ जण आहात, गाड्या आहेत, तर उद्यमनगरात फडतरेला जा, मात्र लवकर जा, कारण तिथली रांग ही शहराची जुनी ओळख आहे आणि रविवारी तर बोलायलाच नको. रांग नकोच असेल तर कसबा बावड्यात बावडा मिसळ. चोरगे महाद्वार रोडच्या बाजूला, ते देवदर्शनाबरोबर जमतं, पण तिथं आठ जण आणि दोन गाड्या घेऊन शनिवारी सकाळी जायचं म्हणजे पार्किंग शोधण्यातच भूक मरेल.

पाहुण्यांना आधी दोन गोष्टी सांगून ठेव. एक, मिसळीबरोबर पाव येणार नाही, ब्रेडच्या स्लाइस येतील. पावाची सवय असलेल्या माणसाला हे बघून पहिल्यांदा कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. त्याला म्हणावं कटात बुडवून बघ, मग बोल. दुसरं, कट सगळा एकदम ओतायचा नाही, थोडा घ्यायचा, मटकी आणि फरसाण खात खात वाढवायचा. तांबडा रंग बघून घाबरू नका म्हणावं, तो रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ब्याडगी फार तिखट नसते. झोंबते ती जवारी म्हणजे गावठी मिरची, आपली संकेश्वरी, गडहिंग्लजकडची. आणि जास्त झालंच तर पाणी ढोसायचं नाही, मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो, म्हणून दही किंवा दूध. पोरीला कट नकोच, नुसती मटकी, शेव, बटाटा आणि दही दे, खुशीत खाईल.

आता बाबा न्यायचे त्या जागेबद्दल. तू नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. माझं मत विचारशील तर तिथं आठ जणांना नेऊ नकोस. नाक मुरडतील म्हणून नव्हे गं, मुरडू देत, त्यानं काय होतंय. चार टेबलांच्या जागेत आठ माणसं एकदम घुसली की रोजच्या गिऱ्हाइकांची पंचाईत होते, मालकाची धांदल उडते, कुणीतरी उभं राहून मोबाईल काढतं, आणि तू स्वतः खायचं सोडून सगळ्यांची तोंडं बघत बसतेस की आवडलं का, आवडलं का. मग घास कुठं जातो तेच कळत नाही. तिथं फक्त नवऱ्याला घेऊन जा, रविवारी सकाळी, बाकीचे झोपलेले असताना. नऊ वर्षांत एकदाही नेलं नसशील तर त्याच्या एसीच्या हट्टात तुझा पण थोडा वाटा आहे. माणसाला बाकड्यावर बसवल्याशिवाय बाकड्यावर काय मिळतं ते कसं कळणार.

मिसळीनंतर अंबाबाई. शनिवारी गर्दी असतेच पण सकाळी नऊच्या आत निभावतं. बाहेर पडल्यावर भवानी मंडपातून भाऊसिंगजी रोडला या आणि तिथं कुठल्याही टपरीवर चहा घ्या, आणि चहा पिताना पाहुण्यांना गंगाराम कांबळेंची गोष्ट सांग. गोष्ट तुला माहिती असेल पण त्यांना नसेल. गंगाराम हे दलित समाजातले, छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते, पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले, आणि त्यांनी याच भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. लोक यायला कचरत होते तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींना पण प्यायला लावायचे. खुद्द राजानं मागवलेला कप नको कोण म्हणणार! रील्समधे कोल्हापूर म्हणजे तांबडा, पांढरा आणि कोल्हापुरी चप्पल एवढंच असतं, त्यात हा चहा कुठं येत नाही.

शनिवार दुपार पन्हाळ्यावर काढा. वीसेक किलोमीटर, घाट छोटा, पोरीला पळायला जागा, आणि तुझं शाकाहारी जोडपं तिथंच खरं जेवणार आहे. झुणका, भाकरी, खर्डा, दही, भरलं वांगं. त्यांच्यासाठी वेगळं व्हेज हॉटेल शोधत बसू नकोस आणि कृपा करून त्यांना मेनूतलं व्हेज कोल्हापुरी मागवू देऊ नकोस. ती लाल भाजी भारतभर मिळते, आपल्या घरात मात्र कुणी कधी केलेली मी बघितली नाही. पाहिजेच तर रात्री कुठंतरी अख्खा मसूर आणि रोटी खायला घाल, खरं तर तो इस्लामपूर-कराडकडचा पण आपण पण आपलाच मानतो. खर्डा खाताना मात्र सांग, वाटीभर दही हाताशी ठेवा, हिरव्या मिरचीचा आहे, तिथं ब्याडगीचा नियम चालत नाही.

आणि डिसेंबर आहे म्हणून सांगतो, येता-जाता गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. हे त्या सतरांमधे नाहीच! कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण रस कढईत उकळताना, वर आलेली मळी काढताना आणि शेवटी तो घट्ट पाक वाफ्यात ओतताना बघितल्याशिवाय गूळ काय चीज आहे ते कळत नाही. विचारून आत जायचं, कामाच्या मधे यायचं नाही, पोरीचा हात सोडायचा नाही कारण कढई उघडी असते आणि आत उकळता पाक असतो. गरम काकवी मिळाली तर भाकरीबरोबर, नाहीतर नुसती बोटानं. निघताना गूळ तिथंच विकत घ्या, फुकट चाखून निघून येऊ नका. घेताना फार पिवळाधम्मक शोधू नका, गडद तपकिरी रंगाला घाबरायचं कारण नाही, उलट तोच चवीला जास्त बरा लागतो असं माझं मत आहे.

संध्याकाळी खासबाग. राजाभाऊंची भेळ, याच्यावर चर्चा नको. तुझं तर घरच जवळ, लहानपणापासून वास ओळखीचा असेल. आपली भेळ पुण्या-मुंबईच्या भेळेसारखी गोडाकडं झुकत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच कोण किती तिखट खाणार ते सांगायचं, नंतर कुरकुर करायची नाही. खाऊन झालं की १९१२ चं कुस्तीचं मैदान दाखव, आणि शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमधे जळालं ते. आपल्यातले कित्येक जण अजून तिथून जाताना बोलायचं थांबतात. पाहुण्यांना सांग किंवा नको सांगू, ते तुझ्यावर.

रंकाळा यादीत चौथ्या नंबरला आहे. सूर्यास्त बघा, फोटो काढा, कणीस खा, पुढं चला.

मग गंगावेशचा दूध कट्टा. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. समोर म्हैस, समोर धार, आणि फेस आलेला ग्लास तसाच कोमट तुमच्या हातात. गंगावेशला तालीम आहे, शहरात गल्लोगल्ली तालमी, दिवसभर घाम गाळलेल्या पोरांना दूध लागायचं, त्यामुळं असले कट्टे इथं टिकले असं मी तरी समजतो. संध्याकाळी तिथं कॉलेजची पोरं, रिक्षावाले, सराफाकडून सुटलेले कारागीर, नातवाला घेऊन आलेले आजोबा असे सगळे ग्लास हातात धरून उभे असतात आणि ओठांवर पांढरी मिशी घेऊन राजकारण बोलतात, आणि त्या गप्पा ऐकायला मी कधी कधी दूध नको असलं तरी जातो. पण हे दूध कच्चं असतं. आपल्या अंगात मुरलंय, बाहेरच्या माणसाच्या पोटाचं सांगता येत नाही, आणि न तापवलेल्या दुधातून आजार येऊ शकतात हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. त्यामुळं मोठ्यांनी आपल्या मर्जीनं ठरवावं, पण सहा वर्षांच्या पोरीला अजिबात नाही, आणि ग्रुपमधे कुणी गरोदर असेल तर तिनं पण नाही. पोरीला दुसरीकडं कढवलेलं मसाला दूध पाज, नाहीतर सरळ सोळंकीचं कॉकटेल आईस्क्रीम. कॉकटेल म्हटल्यावर तिचे आईवडील दचकतील तेव्हा सांग, फळं, जेली, सुकामेवा आणि आईस्क्रीम एवढंच असतं त्यात, दारूचा थेंब नाही. (थेंब असलेलं कुठं मिळतं हे मित्रमंडळींपैकी कुणीतरी विचारणारच. ते नवऱ्याकडं सोपव, मला पत्र पाठवू नकोस.)

आता रविवार आणि आई. आईचं ऐक. तांबडा-पांढरा घरचाच खायचा, यात माझं दुसरं मत नाही. ओपल आहे, देहाती आहे, पद्मा गेस्ट हाऊस आहे, नावाजलेली आहेत, वाटीवर वाटी रस्सा वाढतात आणि मी स्वतः तिथं पाहुणे नेलेत. पण तुझ्या पाहुण्यांनी हॉटेलं आयुष्यभर बघितलीत, कोल्हापूरच्या घरातला रविवार बघितलेला नाही. सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढं पिशव्या घेऊन उभे असलेले लोक, कटिंगवरून चाललेली हुज्जत, नळी कुणाच्या वाट्याला यावरचा वाद. याच गावात २०१९ मधे मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं, हे सांगितलंस तर ते हसतील, पण दुकानात नेलंस तर कळेल की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याला आणि त्याच्या मित्राला मटण आणायला पाठव, बरोबर तुझा भाऊ नाहीतर चुलतभाऊ दे, एकट्यांना पाठवलंस तर दुकानदार काय देईल त्याचा नेम नाही.

पण आईचे गुडघे चौसष्ट वर्षांचे आहेत आणि घरची धरून दहा-बारा माणसं होणार. आई म्हणेल मला काय होतंय. होतंय. म्हणून काम असं वाटायचं. भाकरी बाहेरून सांग, बचत गटाच्या नाहीतर पोळी-भाजी केंद्रातल्या बायका ऑर्डर घेतात, आदल्या दिवशी आकडा सांगायचा. आई ओरडेल की माझ्या घरात विकतची भाकरी! ओरडू दे, पंधरा मिनिटांनी गप्प बसेल. वाटण शनिवारी रात्रीच करून फ्रिजमधे, खोबरं-कांदा भाजणं, तीळ-खसखस वगैरे सगळं तू करायचंस, आणि लसूण सोलायला पुण्याच्या मंडळींना बसवायचं, गप्पा मारत मारत होतं. रविवारी आईनं खुर्चीवर बसून फक्त चव बघायची आणि हुकूम सोडायचे, ते तिला आवडेल पण.

आणि रश्शाचं, तू विसरली असशील तर, मटण शिजवताना हळद बेताची टाक नाहीतर पांढरा पिवळट दिसतो. शिजलं की अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, बाजूला काढ, त्यातूनच पोरीला वाटीभर दे, भाताबरोबर कालवून, लहान पोरांचं कोल्हापुरी जेवण तेच. उरलेल्याचे दोन भाग. एका भागात भाजलेलं वाटण आणि घरची चटणी, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, काजू-खसखशीची पेस्ट आणि तुपावर परतलेला खडा मसाला, तो पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळू द्यायचा नाही, फुटतो, आणि बारा माणसांपुढं फुटलेला पांढरा वाढायची पाळी कुणावर येऊ नये. सुकं मटण वेगळं, दही-कांदा पाहिजेच. शाकाहारी जोडप्याला भरली वांगी आणि झुणका, पण त्यांची भांडी, पळी, तवा सगळं आधीच वेगळं काढून ठेव आणि ते त्यांना दाखव, म्हणजे ती बिचारी निवांत जेवतील, नाहीतर प्रत्येक घासाला संशय.

तुझ्या दुसऱ्या भीतीचं बोलायचं राहिलं, त्यांना नाही आवडलं तर काय. काही गोष्टी नाहीच आवडणार गं. आठातल्या एकाला मिसळ तेलकट वाटेल, कुणाला भेळ जास्त झोंबेल, एकजण तरी पांढऱ्याला सूप म्हणणार हे नक्की. तू बाजू मांडत बसू नकोस. तू इथं टुरिस्ट खात्यातर्फे आलेली नाहीस, माहेरी आलीयेस. आणि पेठेत पाय टाकल्या टाकल्या तू आपल्याकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी येतो’ सुरू करणार, त्यावर पण हसतील, हसू देत.

तर आता आजच ग्रुपवर एवढंच टाक: शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी सकाळी मिसळ, दुपारी पन्हाळा, वाटेत गुऱ्हाळ, संध्याकाळी भेळ आणि दूध, रविवारी दुपारी आमच्या घरी. सतराचं विचारलं तर म्हण पुढच्या खेपेला. रविवारी दुपारी जेवल्यावर लगेच निघू नका, दोन तास सगळ्यांनी आडवं व्हायचं, गाडी चालवणाऱ्यानं तर नक्कीच, एवढं मटण खाऊन हायवेला डोळा लागतो. आणि आई चटणीचा डबा देईल, प्रत्येकाला एकेक देईल, नको म्हणू नका. झाकण पिशवीनं बांधा, डबा उभा ठेवा, तेल सुटतं आणि डिकीतल्या कपड्यांना लागलं की तो डाग जात नाही.